टेपर फायबरचं ट्रान्समिशन परत परत पडतंय? आधी बघा ते नक्की कुठे पडतंय

गेल्या वर्षभरात हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो. टेपर फायबर म्हणजे प्रकाश नेणारी, मधे ओढून बारीक केलेली काचेची तार, आणि ट्रान्समिशन म्हणजे आत सोडलेल्यापैकी किती टक्के प्रकाश पलीकडून निघतो ते. प्रश्न साधारण असा असतो, "फायबर ओढलं, छान बारीक झालं, पण ट्रान्समिशन साठ टक्केच आलं, परत ओढलं तर ऐंशी, तिसऱ्यांदा चाळीस, आणि जे नव्वदचं आलं होतं ते जेवून परत येईपर्यंत पन्नासवर गेलं, काय चुकतंय?" आमच्या लॅबमध्ये सुरुवातीचे चार महिने हेच चालू होतं आणि त्या चार महिन्यांत आम्ही सगळे उपाय एकदम करत बसलो, ज्योत बदल, स्पीड बदल, फायबरची रीळ बदल, त्यामुळे कशाने फरक पडला ते कधी कळलंच नाही.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपलं टेलिकॉमचं साधं सिंगल मोड फायबर घ्यायचं (मोड म्हणजे फायबरमधून प्रकाश ज्या ठरलेल्या आकारात चालतो तो, इथे असा एकच), काचेची जाडी १२५ मायक्रॉन, आत साधारण ८ मायक्रॉनची कोअर, म्हणजे प्रकाश जिच्यातून चालतो तो गाभा, तिच्याभोवतीची काच ती क्लॅडिंग. मधलं कोटिंग काढायचं, हायड्रोजनच्या ज्योतीवर तो भाग मऊ करायचा आणि दोन्हीकडून मोटरवर सरकणाऱ्या स्टेजने हळूहळू ओढायचं. चिक्कीचा पाक दोन बोटांत धरून ताणला की मधे तार येते ना, तसंच. आम्ही ८०० नॅनोमीटरपर्यंत नेतो. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर त्याच्या नव्वदाव्या हिश्शाएवढं. इतकं बारीक झाल्यावर मूळची कोअर पन्नासेक नॅनोमीटरची उरते, तिला काहीच काम राहत नाही, तेव्हा काच हीच कोअर आणि बाहेरची हवा हीच क्लॅडिंग. आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश ८०० नॅनोमीटरच्या काचेत पूर्ण मावत नाही, त्याचा मोठा हिस्सा काचेला लगटून हवेतून चालतो. हा मुद्दा डोक्यात पक्का ठेवा, पुढचा निम्मा त्रास यातूनच येतो.

आणि हे चांगलं जमू शकतं, त्याबद्दल शंका नको. २००३ साली हार्वर्डमध्ये लिमिन टोंग आणि एरिक माझूर यांच्या गटाने तरंगलांबीपेक्षा बारीक सिलिकाच्या तारांतून कमी लॉसने प्रकाश नेऊन दाखवला, आणि २०१४ मध्ये मेरिलँडच्या गटाने ५०० नॅनोमीटरच्या फायबरमधून ९९.९५ टक्के ट्रान्समिशनचा रिझल्ट छापला. म्हणजे साठ टक्के येत असेल तर भौतिकशास्त्र आडवं आलेलं नाही, आपल्या सेटअपमध्ये कुठेतरी दोष आहे आणि तो सापडतो.

तर पहिलं काम. पॉवर मीटरचा आकडा शेवटी बघून वहीत लिहिणं बंद करा. ओढायला सुरुवात केल्यापासून पूर्ण आलेख रेकॉर्ड करा, आणि आडव्या अक्षावर सेकंद न ठेवता स्टेज एकूण किती मिलिमीटर सरकले ते ठेवा. का, तर ज्योतीचा गरम भाग एकाच लांबीचा ठेवला असेल तर जाडी किती ओढलं यावरून सरळ काढता येते, बर्क्स आणि ली यांनी १९९२ मध्ये हे सूत्र दिलंय. गरम भागाच्या दुप्पट लांबी ओढली की जाडी २.७१८ पट कमी. आमचा गरम भाग ५ मिलिमीटर होता, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर ओढल्यावर जाडी ५० मायक्रॉन, ४२ वर १.८ मायक्रॉन, ४७ वर १.१ मायक्रॉन, आणि ५० च्या जरा पुढे आपले ८०० नॅनोमीटर. हे चार आकडे आम्ही कागदावर मोठे लिहून मॉनिटरच्या शेजारी चिकटवलेत. तुमचा गरम भाग वेगळा असेल तर तुमचे आकडे काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मोजणीच खोटी नाही ना ते बघा. आमच्याकडे दोनदा असं झालंय की फायबर चांगलं होतं आणि लेसरच खाली सरकत होता. लेसरनंतर एक कपलर (प्रकाशाचे दोन वाटे करणारा जोड) लावून दहा टक्के प्रकाश वेगळ्या डिटेक्टरवर घ्या आणि कायम दोन्हींचं गुणोत्तर बघा. दुसरी भानगड जास्त फसवी आहे. लेसर फायबरमध्ये टाकताना थोडा प्रकाश क्लॅडिंगमध्येही शिरतो, तो सुरुवातीच्या शंभर टक्क्यांत मोजला जातो आणि टेपरमध्ये पहिल्यांदा तोच गळतो, मग वाटतं की टेपर वाईट आहे. टेपरच्या आधीचं कोटिंग असलेलं फायबर साधारण तीन सेंटीमीटर जाडीच्या दांड्यावर दोन-चार वेढे गुंडाळा. त्याने आकडा खाली आला तर तो कचरा प्रकाश होता, आता जो आकडा दिसतोय तो तुमचा खरा शंभर.

आणि फायबर तुमच्या तरंगलांबीचं आहे ना? हे विचारायला मला संकोच वाटतो पण तीन जणांचा प्रश्न इथेच सुटला. टेलिकॉमचं फायबर १२६० नॅनोमीटरच्या वरच सिंगल मोड असतं. रुबिडियमच्या अणूंवरच्या प्रयोगासाठी ७८० चा लेसर आहे आणि रीळ मात्र कपाटात पडलेली टेलिकॉमची, असं असेल तर ओढायच्या आधीच त्यात दोन-तीन मोड चालू असतात, हात लागला तरी आउटपुट हलतो, आणि टेपरमधून बाकीचे मोड जाणारच नाहीत. ७८० ला ७८० चं फायबर घ्या, थोडं महाग पडतं पण दुसरा इलाज नाही.

हे सगळं ठीक असेल तर आलेखाकडे या. प्रत्येक वेळी त्याच मिलिमीटरला पडत असेल तर दोष भूमितीत आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडत असेल तर सफाईत आहे. ज्योत बंद झाल्यावर पडत असेल तर हवेत, नाहीतर गोंदात. एवढं कळलं की शोध निम्म्यावर येतो.

भूमितीचं आधी सांगतो कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. आमचा आलेख नऊ मिलिमीटरपर्यंत सरळ रेघ असायचा आणि मग थरथरायला लागायचा, वर-खाली वर-खाली, आणि पुढे पुढे ती थरथर दाट होत जायची. साधारण ५० मायक्रॉनच्या आसपास कोअर इतकी लहान होते की प्रकाश तिच्यात राहू शकत नाही आणि पूर्ण क्लॅडिंगमध्ये पसरतो, हा नाजूक टप्पा. इथे फायबरचा उतार जास्त तीव्र असेल तर मुख्य मोडमधला थोडा प्रकाश वरच्या मोडमध्ये उडी मारतो, मग हे दोन मोड एकमेकांत मिसळून कधी जुळतात कधी विरतात आणि तीच थरथर आपल्याला दिसते. म्हणजे थरथर दिसली की नॉइज समजून फिल्टर लावू नका, तीच तर खूण आहे.

आणि थरथर थांबते कुठे ते बघा, कारण तिथे दोषाचं नाव कळतं. १५५० साठी १.८ मायक्रॉनच्या खाली फायबर गेलं की मुख्य मोडसारखेच गोल, सममित असलेले वरचे मोड टिकू शकत नाहीत, आणि १.१ मायक्रॉनच्या खाली उरलेले सगळेच वरचे मोड संपतात, एकटा मुख्य मोड राहतो. तर आलेख ४२ मिलिमीटरच्या आसपास पायरी उतरून शांत होत असेल तर प्रकाश सममित मोडमध्ये गेला होता, म्हणजे फायबर सरळ आहे पण उतार तीव्र आहे. आणि पायरी ४७ च्या आसपास असेल तर असममित मोड आहेत, म्हणजे फायबर कुठेतरी वाकतंय, ज्योत एकाच बाजूने ढकलतेय नाहीतर स्टेज तिरके आहेत. दोन्हीकडे पायरी असेल तर दोन्ही दोष आहेत, आमचे दोन्ही होते.

उताराचा उपाय सोपा. ज्योत एका जागी न ठेवता पुढे-मागे फिरवायची म्हणजे गरम भाग लांब होतो. आम्ही ५ चा ८ मिलिमीटर केला, त्यामुळे ५० मायक्रॉनच्या ठिकाणचा उतार ५ मिलिरेडियनवरून साधारण ३ वर आला आणि ४२ ची पायरी जवळजवळ दिसेनाशी झाली. अर्थात आता एकूण ८० मिलिमीटर ओढावं लागतं, स्टेजला तेवढा प्रवास आहे का आधी बघून घ्या, आणि मॉनिटरशेजारचा कागदही बदला (आमचा आठवडाभर जुनाच होता आणि आम्ही चुकीच्या ठिकाणी पायरी शोधत होतो).

४७ च्या पायरीने मात्र खूप छळलं. कॅमेऱ्यातून फायबर सरळ दिसत होतं, ज्योत मधोमध होती, सगळं बरोबर, तरी पायरी तिथेच. शेवटी वर्कशॉपमधले काका आले, त्यांनी डायल गेज लावलं आणि दोन्ही स्टेज पूर्ण प्रवासभर हाताने फिरवून बघितले, तर एक स्टेज टोकाला जाईपर्यंत शंभरेक मायक्रॉन बाजूला सरकत होता. तुम्ही म्हणाल शंभर मायक्रॉन म्हणजे काय मोठं, पण तेवढ्याने फायबर ज्योतीच्या मध्यातून बाहेर जातं आणि एका बाजूने जास्त तापतं. सुरुवातीला तपासलं तर कळत नाही कारण सुरुवातीला ते बरोबरच असतं, दोन्ही टोकांना तपासावं लागतं. काकांनी खाली पातळ पत्र्याची शिम घालून अर्ध्या दिवसात प्रश्न संपवला, आम्ही सहा आठवडे घालवले होते. मेकॅनिकल माणसाला लवकर बोलवा एवढंच सांगीन, त्यांच्या हाताला जे कळतं ते आपल्या सिम्युलेशनला दिसत नाही.

ज्योतीबद्दल. सिलिका मऊ व्हायला साधारण १६०० अंशांच्या वर तापमान लागतं. ब्युटेनचा टॉर्च वापरून लोक करतात, पण त्यात काजळी आणि कण येण्याची भीती असते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात दिलं की बाहेर फक्त पाण्याची वाफ. गॅसचा फ्लो कमी ठेवा, शेवटच्या टप्प्यात फायबर इतकं हलकं असतं की ज्योतीचा झोतच त्याला कमान करून वर उचलतो, आणि ती कमान म्हणजे परत ४७ ची पायरी. आणि हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही, त्यामुळे ती विझलीय असं समजून हात पुढे नेऊ नका, लीक डिटेक्टर चालू ठेवा, एकट्याने रात्री हे काम करू नका.

आता दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडणारं ट्रान्समिशन. हे बहुतेक वेळा सफाई. कोटिंग स्ट्रिप केल्यावर काचेवर प्लास्टिकचे बारीक तुकडे राहतात, ते ज्योतीत जळतात, काचेत रुततात आणि तिथून प्रकाश बाहेर फेकला जातो. आमची पद्धत अशी, स्ट्रिप केलं, लिंट-फ्री वाइपवर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन एकाच दिशेने दोनदा पुसलं, मग ॲसिटोन, मग परत नवीन वाइपवर आयपीए, आणि मग मायक्रोस्कोपखाली पूर्ण उघडा भाग दोन्ही बाजूंनी बघितला. एक जरी ठिपका दिसला तरी परत पुसायचं, पुसून गेला नाही तर तुकडा फेकायचा आणि नवीन घ्यायचा. या मायक्रोस्कोपच्या पायरीला लोक कंटाळतात, मीही कंटाळायचो, पण ती चालू केल्यापासून आमचे वाया जाणारे फायबर खरंच खूप कमी झाले. आयपीएची बाटली उघडी राहिलेली, महिनाभर तीच, असं असेल तर ती आधी बदला. एकदा पुसलेल्या भागाला बोट लागलं तर सगळं पहिल्यापासून.

गोंदाचं लवकर उरकतो. ओढून झाल्यावर फायबर यू आकाराच्या होल्डरवर यूव्ही गोंदाने चिकटवतो, तेव्हा एकदम पाच-दहा टक्के पडले तर गोंद बारीक भागाच्या फार जवळ लागलाय. जिथे अजून पूर्ण १२५ मायक्रॉन आहे तिथेच थेंब द्या, तिथे प्रकाश कोअरमध्ये सुरक्षित असतो. गोंद सुकताना आकसतो त्यामुळे ताण बदलतो, म्हणून चिकटवायच्या आधी स्टेजने किंचित ताण द्या, फायबर ढिलं राहिलं तर लोंबतं आणि होल्डरला नाहीतर स्वतःलाच चिकटतं, मग ते सुटत नाही.

आणि आता धूळ. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत. आमचं चित्र असं होतं की ज्योत बंद केली तेव्हा ९६ टक्के, सगळे खूश, फोटो वगैरे काढले, अर्ध्या तासात ९०, दोन तासांत ७०, दुसऱ्या दिवशी सकाळी ३०. जुलै महिना होता, बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, त्यामुळे सगळ्यांनी एकमताने ठरवलं की हा दमटपणाच. सिलिकावर पाण्याचा थर बसतो वगैरे सिद्धांतही तयार झाला, डीह्युमिडिफायर मागवला, तो रात्रंदिवस चालवला. काहीही फरक नाही. उलट त्या मशीनच्या पंख्याने परिस्थिती वाईट झाली असणार असं आज वाटतं.

मग वाचन केलं तेव्हा जपानमधल्या फुजिवारा, तोउबारू आणि ताकेउची यांचा २०११ चा पेपर मिळाला. त्यांनी नेमकं हेच तपासलंय, धुळीचं प्रमाण वेगळं आणि आर्द्रता वेगळी बदलून बघितली, आणि निष्कर्ष स्वच्छ आहे, ऱ्हास मुख्यतः धुळीने होतो, आर्द्रतेशी संबंध नाही, आणि धूळ नसलेल्या जागी आठवडाभर ट्रान्समिशन टिकतं. पावसाळ्याला उगाच दोष दिला आम्ही.

तुम्हाला स्वतःची खात्री करायची असेल तर लाल लेसर वापरा, फायबर तपासायचा पेनसारखा मिळतो तोही चालेल, पॉवर अगदी कमी. खोलीत अंधार करून बारीक भाग कॅमेऱ्यात बघा. स्वच्छ फायबर सगळीकडे सारखं मंद चमकतं, दिसतंय न दिसतंय असं. धूळ बसलेल्या ठिकाणी टपोरा लाल ठिपका दिसतो. आम्ही तासभर दर मिनिटाला फोटो काढले, आणि ज्या मिनिटाला नवा ठिपका आला त्याच मिनिटाला आलेखात पायरी होती. ते दोन आलेख शेजारी शेजारी लावले तेव्हा वाद संपला. माझ्यासाठी त्या वर्षातला सगळ्यात समाधानाचा दिवस तो.

वर म्हटलं ना प्रकाशाचा मोठा हिस्सा हवेतून चालतो, त्यामुळे जाड फायबरला ज्या कणाने काहीच होत नाही तोच कण इथे वाटेच्या मधोमध दगड पडल्यासारखा असतो. फायबर जितकं बारीक तितका हा त्रास वाढतो. ८०० ऐवजी २०० नॅनोमीटर केलं तर १५५० चा प्रकाश जवळजवळ सगळाच बाहेर, तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास गेलं की प्रकाश फायबरला धरूनच राहत नाही. त्यामुळे सेन्सिंगसाठी जास्त बारीक म्हणजे जास्त चांगलं असं समजून उगाच खाली जाऊ नका, लागेल तेवढंच बारीक करा.

अडचण अशी की ज्योतीला शांत हवा लागते आणि धूळ घालवायला वाहती हवा लागते. लॅमिनार फ्लो (फिल्टरमधून येणारी एकसारखी वाहती हवा) चालू ठेवला की ज्योत हलते, बंद केला की धूळ येते. आमचा तोडगा असा, पूर्ण सेटअपला ॲक्रिलिकची पेटी केली, फिल्टरची हवा तासभर जोरात चालवायची, ओढायच्या दोन मिनिटं आधी बंद, ओढून आणि गोंद लावून झालं की लगेच होल्डरवर झाकण, मगच पेटी उघडायची. पेटीला वर गरम हवा जायला जागा ठेवा, हायड्रोजन आत साठता कामा नये. झाकणाचा डबा आदल्या दिवशीच धुऊन पेटीत ठेवलेला असतो, आयत्या वेळी ड्रॉवरमधून काढलेला डबा म्हणजे धुळीचाच डबा. कागदी खोका, थर्माकोल, सुती रुमाल पेटीच्या जवळ आणायचे नाहीत. ओढण्याच्या दिवशी खोली झाडायची नाही, आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायची, हे सफाईच्या मावशींना नीट समजावून सांगितलं आणि का ते कॅमेऱ्यात दाखवलं, तेव्हापासून त्या स्वतःच आम्हाला विचारतात, उद्या तार ओढणार आहात का.

धूळ बसलेलं फायबर धुता येतं का, हे सगळे विचारतात. आयपीएचा थेंब सोडून बघितलाय, थेंब सुकताना त्याच्या ओढीनेच आमची दोन फायबर तुटली आणि तिसरं जरा सुधारलं. आता आम्ही तो नाद सोडलाय. ओढणं दहा मिनिटांचं काम आहे, नवीन ओढा.

व्हॅक्यूममध्ये टाकणार असाल तर अजून एक. हवेत बसलेला कण लेसरने तापतो पण हवा उष्णता घेऊन जाते, व्हॅक्यूममध्ये ती जायला वाटच नसते, काही मिलिवॅटलाही मळलेलं फायबर लाल होऊन तुटू शकतं. आमचं एक असंच गेलं, चेंबर बंद करून तीन दिवस पंप केला होता आणि पॉवर वाढवल्यावर क्षणात आउटपुट शून्य. त्यामुळे चेंबर बंद करायच्या आधी लाल लेसरने एकदा बघाच, ठिपका असेल तर ते फायबर आत घालू नका, कितीही चांगला आकडा देत असलं तरी.

एवढं करूनही अडलात तर विचारा, पण विचारताना तो मिलिमीटरवाला आलेख, गरम भागाची लांबी, फायबर कुठलं आणि तरंगलांबी किती एवढं सोबत द्या. नुसतं "साठ टक्के येतंय" यावरून मला काहीच सांगता येणार नाही.